भारूड, जलसा आणि समतेचा प्रश्न

सर्वांभूती एकच परमात्मा पाहणारा धर्मविचार गावातल्या विषमतेला हादरा देतो की तिला सुसह्य करतो, हा वारकरी परंपरेविषयीचा जुना वाद आहे. देवळापुढे, पारावर, चारचौघांत उभ्याने सादर होणाऱ्या कलेत तो ग्रंथांपेक्षा अधिक उघडपणे दिसतो.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी रचलेल्या भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, फकीर अशी नाना सोंगे आहेत. त्यांतली जोहाराची भारुडे महाराच्या तोंडी आहेत. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन सोंगाड्या पुढे येतो, जोहार घालतो आणि गावकीची भाषा बोलू लागतो. हे गाव म्हणजे मनुष्यदेह. वेसकर महार वेशीची राखण करी, वसुलाच्या वेळी रयतेला चावडीवर बोलावून आणी. त्याच अधिकाराने भारुडातला महार देहधाऱ्याला बजावतो की वरून बोलावणे येईल, तेव्हा हिशेब द्यावा लागेल. जन्माने ब्राह्मण असलेल्या संताने महाराच्या मुखाने उच्चवर्णीयांना उपदेश करावा, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

रूपकाची मर्यादाही इथेच आहे. वेसकराचे काम सगळ्यांनी गृहीत धरलेले असते, म्हणूनच त्याचा आध्यात्मिक अर्थ श्रोत्यांना लागतो. भक्तीच्या दारात महार श्रेष्ठ ठरतो, वेशीवरची त्याची जागा मात्र बदलत नाही. शिवाय सोंग घेणाऱ्याला खेळ संपल्यावर ते उतरवून ठेवता येते. ज्याचे सोंग घेतले त्याला ती सोय नसते.

महात्मा फुल्यांनी 1873 साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांतून पुढे जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, शृंगारिक लावणी वगळली आणि वगात भट-सावकारांची उलटतपासणी मांडली. नाशिकमध्ये 2 मार्च 1930 रोजी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा वस्त्यावस्त्यांतून नेला. डफ-ढोलकीच्या साथीने आता महार स्वतःच बोलत होता. हिशेबही देहाचा राहिला नव्हता: शिळ्यापाक्या भाकरीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणारे वतन कोणी लादले, मेलेले ढोर ओढण्याचे काम आमच्याच माथी का, देवळाचे दार बंद का, असे ते सवाल होते. त्यांमागचे तत्त्वज्ञान सरळ होते. अस्पृश्यता हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ नसून माणसांनी रचलेली व्यवस्था आहे; तेव्हा ती माणसांनाच मोडता येईल.

जलशात कला पातळ आणि प्रचार दाट, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य असले तरी तो गैरलागू आहे, कारण भारूडही उपदेशासाठीच रचलेले असते. खरा दोष वेगळाच आहे. तमाशातली स्त्रीची विटंबना टाळण्यासाठी जलशाने स्त्रीलाच मंचावरून दूर ठेवले. तिच्या भूमिका पुरुष करत. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची जी अडचण भारुडात होती, ती अशा रीतीने जलशातही उरली.

भारूड आज ग्रामस्वच्छतेच्या सरकारी प्रचारालाही चालते, यावरून त्याची धार किती बोथट झाली हे कळावे. जलशाने ज्या वतनावर बोट ठेवले, ते मात्र आंबेडकरांनी अनुयायांसह केलेल्या बौद्ध धर्मांतरानंतर दोन वर्षांनी, 1958 च्या कायद्याने रद्द झाले.