तुळशीचें कुंपण

मुंबईची राणीची बाग उभारली जात होती, त्या वेळीं तेथें काम करणाऱ्या माणसांस डांसांनीं हैराण करून सोडलें होतें. तेव्हां हिंदु व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून बागेच्या सबंध हद्दीवर तुळस लावण्यांत आली, डांसांचा उपद्रव शमला आणि तेथें रहाणाऱ्या माळ्यांमधला ताप नाहींसा झाला, अशी हकीकत सर जॉर्ज बर्डवुड यांनीं १९०३ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रास कळविली. तुळशीचा महिमा वर्णन करणारे अद्यापि तिचा दाखला देतात. परंतु एक प्रश्न त्यांपैकीं कोणी विचारलेला माझ्या पाहण्यांत नाहीं: बागेंतून निघालेले डांस गेले कोठें? भायखळ्याच्या त्या कुंपणापलीकडेहि माणसेंच रहात होतीं.

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो तसा नाहीं. आधीं वस्तुस्थिति पाहूं. तुळस, गवती चहा, पुदिना, निलगिरी यांच्या पानांत जें सुगंधी तेल असतें, त्याच्या वासानें डांस दूर रहातात, हें खरें. मात्र तें तेल पानांतच कोंडलेलें असतें. पान चुरडलें, जाळलें किंवा त्याचा अर्क काढला, म्हणजे तें मोकळें होतें, आणि मोकळें झालें कीं लवकरच उडून जातें. नुसत्या उभ्या रोपापासून फारशी आशा करूं नये. बर्डवुडसाहेबांच्या कुंपणाचें सारें यश एकट्या तुळशीचें होतें, यावर माझा तरी विश्वास बसत नाहीं.

पण जेथें उपाय खरोखर लागू पडतो, तेथें आपला प्रश्न सुटत नाहीं, उलट अधिक तीव्र होतो. बोलिव्हियांतील एका पाहणीचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. डांसांस दूर ठेवणारा लेप लावलेल्या माणसाशेजारीं जो तसाच उघडा बसला, त्याच्याकडे एरव्हीपेक्षां तिसऱ्या हिश्शाहून अधिक डांस आले!

आपण ज्या नियमानें वागतों तो सर्वांचा नियम व्हावा असें आपणांस इच्छितां आलें पाहिजे, ही कांटची कसोटी. तिला आपलें कुंपण बिनबोभाट उतरतें. सर्वांनीं तुळस लावावी. कोणाची हरकत आहे? परंतु सर्वांस अंगण कोठें आहे? रस्त्याच्या कडेला निजणाऱ्यानें कुंपण कशाभोंवतीं घालावें? नियम सर्वांस खुला असतो, तो पाळण्याचें साधन मात्र थोड्यांच्या हातीं असतें. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत ही गोष्ट सहसा निसटते.

म्हणून कोणीं आपलें तान्हें मूल डांसांच्या स्वाधीन करावें, असें मी म्हणणार नाहीं. चोराला दाराबाहेर ठेवण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि तो पुढें कोणाच्या दारीं जाईल याचा हिशेब त्यानें मध्यरात्रीं उठून करावा, ही अपेक्षा अमानुष होय. पण चोर आपल्याच घरीं पोसला गेला असेल तर?

रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु शोधून काढले. पुढें १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून त्याचें मूळ शहरांतील विहिरींत आहे, असा अहवाल दिला. विहिरी बुजवाव्या किंवा झांकाव्या असें ठरतांच धर्माच्या नांवानें हरकती निघाल्या. हरकती घेणारे अडाणी नव्हते. त्यांची श्रद्धाहि खोटी नव्हती. तरीपण विहीर आमची, पाणी आमचें, देवहि आमचे, आणि त्यांतून उठणारे डांस तेवढे सर्वांचे, हा हिशेब कांहीं केल्या जुळत नाहीं.

आतां घरोघरीं विहिरी उरल्या नाहींत. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस जातीच्या डांसास तेवढ्या पाण्याची गरजहि नाहीं. वाटीभर स्वच्छ पाणी त्यास पुरतें. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डांस होतो. आणि तो फार लांब उडत नसल्यामुळें आसपासच्या चार घरांतच चावत हिंडतो. डांस हांकलण्यासाठीं हौसेनें आणलेल्या गवती चहाच्या कुंडीखालीं, गॅलरीची फरशी खराब होऊं नये म्हणून, एक बशी ठेवलेली असते. कुंडीला पाणी रोज घातलें जातें; बशी मात्र कोणी रिकामी करीत नाहीं.