हिशेब कोणी चुकता करायचा?

शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, कवाडे नसतात. आडोसा हवाच असेल तर पडदा, नाहीतर कुत्री-मांजरे शिरू नयेत म्हणून टेकवलेली एखादी फळी. 2011 मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली ती कुलूप नसलेली बँक म्हणूनच गाजली. गावाला पोलीस ठाणे मिळाले तेही 2015 मध्ये. चोरीच्या तक्रारी अधूनमधून झाल्या आहेत, पण श्रद्धा त्यामुळे हललेली नाही. चोराला शनिदेव बघून घेईल, एवढ्यावर गाव झोपते.

या श्रद्धेत चोराला माफी नाही, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. उलट त्याची शिक्षा पक्की आहे, साडेसातीसकट. गावाने सोडला आहे तो फक्त स्वतः शिक्षा देण्याचा हक्क. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या नगर जिल्ह्यात बांधावरून कुऱ्हाडी निघतात, तिथे हात आवरणे हाच मोठा धर्म आहे. आणि नेमक्या याच पायरीवर ख्रिस्ती विचारही फार काळ थांबला होता. मला तर वाटते, बराचसा अजून तिथेच आहे.

जुन्या करारात डोळ्याबद्दल डोळा आहे. तो क्रूर वाटतो, पण मुळात ती मर्यादा होती. डोळा गेला तर डोळाच घ्या, जीव घेऊ नका, वस्ती जाळू नका. त्याच ग्रंथातली काही स्तोत्रे मात्र शत्रूची मुलेबाळे देशोधडीला लागावीत म्हणून देवाला साकडे घालतात. आपल्याकडे ज्याला तळतळाट म्हणतात, तोच तो. येशू या सगळ्याच्या पलीकडे गेला. शत्रूवर प्रेम करा, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा. कारण देवाचा पाऊस भल्याच्या शेतावर पडतो तसा बुऱ्याच्याही शेतावर पडतो. अवर्षणप्रवण नगर जिल्ह्यात हा दाखला वेगळाच झोंबतो. शेजाऱ्याने बांध कोरला आणि तरी पाऊस दोघांच्याही रानात सारखाच पडला, हे पचवणे सोपे नाही.

येशूनंतर साधारण पंचवीस वर्षांनी पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले, आणि त्यात शिंगणापूर दिसते. सूड तुम्ही घेऊ नका, तो देवाचा प्रांत आहे. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. तसे केल्याने तुम्ही त्याच्या डोक्यावर निखारे रचाल. या निखाऱ्यांनी पुढच्या टीकाकारांना चांगलेच छळले. क्रिसोस्टमने त्यांत शत्रूची वाढत जाणारी शिक्षा पाहिली, तर ऑगस्टीनला तो पश्चात्तापाचा दाह वाटला. सगळा प्रश्न इथेच अडतो. मी शत्रूला भाकरी देतो ती त्याचा खड्डा आणखी खोल व्हावा म्हणून, की त्याने खड्ड्यातून वर यावे म्हणून? ताटात वाढलेले दिसते ते दोन्ही वेळा सारखेच.

पहिली तीन शतके ख्रिस्ती लोकांच्या हातात सत्ताच नव्हती, त्यामुळे शत्रूवर प्रेम म्हणजे मार खाणे, एवढा साधा अर्थ होता. सत्ता आली तसा अर्थ बदलला. प्रेम मनात असू द्यावे, हाताने मात्र न्यायासाठी तलवार धरायला हरकत नाही, अशी सोय ऑगस्टीनने करून दिली. त्याचा हेतू सरळ असेल, पण या सोयीतून पुढे काय काय निघाले! आपल्या शेजारच्या गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले, तेही आत्म्याच्या भल्यासाठीच. त्याच काळात हॉलंडमध्ये डर्क विलेम्स नावाचा माणूस धर्मछळातून पळत होता. मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्स मागे फिरला, त्याने शिपायाला बाहेर ओढले, पकडला गेला आणि 1569 मध्ये जाळला गेला. छळणारेही ख्रिस्तीच होते.

शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथेच शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली. समाजाने ज्याच्या आईवडिलांना जगू दिले नाही, त्या मुलाने शेवटी दान मागितले ते दुष्टांचा नाश व्हावा म्हणून नव्हे. त्यांचा दुष्टपणा जावा आणि त्यांनाही सत्कर्माची गोडी लागावी म्हणून. ख्रिस्ती टीकाकार निखाऱ्यांवर भांडत होते त्याचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

हे दोन्ही प्रवाह याच परिसरात एकत्र आले. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केले. पुढे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्यात मिशनरी सॅम्युएल फेअरबँक राहिले. दुष्काळात मिशनने अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली. मंडळ्याही वाढल्या, आणि भाकरीच्या बदल्यात धर्म, हा आरोपही. आरोप पूर्ण खोटा म्हणता येत नाही. उपाशी माणसाच्या पुढ्यात ताट ठेवणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी उपाशी माणसाला नाही म्हणायची मुभा कुठे असते?

हा पेच कवी नारायण वामन टिळकांना कळला होता असे वाटते. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्तांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि परत आल्या तेव्हा त्या हिंदूच होत्या, सोवळे पाळत होत्या. टिळकांनी ते पाळू दिले. धर्मांतर लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने, 1900 मध्ये केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार नावाचा संघ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ज्याला आपल्याकडे ओढायचे नाही, त्याच्यावरचे प्रेम निदान व्यवहार तरी ठरत नाही.

एक अडचण मात्र टिळकांनीही सुटत नाही. शिंगणापूरच्या वाटेवर सोनई आहे. 2013 च्या पहिल्या दिवशी तिथे तीन दलित तरुणांची हत्या झाली. 2018 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. त्या घरांना शत्रूवर प्रेम करा म्हणून सांगणारा कोण? दुबळ्याला क्षमेचा उपदेश करणे बलवानाला फार परवडते. 1999 मध्ये ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळले गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण ती त्यांची स्वतःची क्षमा होती, कोणी मागून घेतलेली नव्हती, आणि कायद्याचे काम त्यांनी कायद्यावर सोडले. पुढेही त्या काही वर्षे बारिपद्यातच कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. कायदा हा शनी नव्हे; त्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात. स्टेन्स खटल्यात निदान गुन्हेगार ठरला. नगर जिल्ह्यातल्याच खर्ड्यात 2014 मध्ये एका दलित मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या आईबापांना उद्या क्षमा करावीशी वाटलीच, तर ती करायची कोणाला?