तोंडावरचं बोट काढा

लेकरू चारचौघांत बोलत नाही, विचारलं तर मान खाली घालतं, अशी तक्रार घेऊन तुम्ही शाळेत येता. आधी मला एक सांगा. आज उठल्यापासून तुम्ही त्याच्याशी काय काय बोललात? आठवा. ऊठ. तोंड धू. शेरडं सोड. दप्तर कुठं टाकलंस? गप जेव. तोंड वर करून बोलू नको. एवढंच ना? हे सगळे हुकूम आहेत. हुकुमाला उत्तर लागत नाही, उठून काम केलं की झालं. जन्मल्यापासून जे लेकरू हुकूमच ऐकत आलं, ते पहिलीच्या वर्गात उभं राहून कालच्या आठवडी बाजाराची हकिगत चार वाक्यांत कशी सांगणार?

आणि गुरुजी, बाई, तुम्ही माना डोलावू नका. तुमच्याकडे मी येणारच आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात भाषेला तोटा नाही. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांचे मेळे रात्र जागवतात. तेरला गोरोबाकाकांच्या दारात अभंग चालू असतात. जानेवारी 2020 मध्ये 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याच जिल्ह्याच्या गावी भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, आणि मराठीचं काय होणार याची काळजी व्यासपीठावरून सगळ्यांनी वाहिली. त्याच मराठीतलं आराध्यांचं गाणं कडव्यामागून कडवं न अडखळता म्हणणारी पोर वर्गात नाव विचारलं की फ्रॉकचं टोक चावत उभी राहते. तिला भाषा येते. तिला मोठ्या माणसासमोर बोलायची भीती घातली आहे, आणि ती तुम्ही-आम्ही मिळून घातली आहे.

घरचं आधी बघू. लेकरू रडलं की मोबाईल, जेवत नाही म्हणून मोबाईल, आईला भांडी घासायची आहेत म्हणून मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगून ठेवलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाकाठी एका तासाहून जास्त नको, कमी तेवढं बरं. हे फक्त डोळ्यांसाठी आहे असं समजू नका. मोबाईल दिवसभर बोलतो, पण लेकराचं ऐकून घेत नाही. लेकरानं बोट दाखवून 'भू भू' केलं तर त्याला समोरून उत्तर हवं असतं. 'हो, कुत्रं आलं. काळं कुत्रं आलं. कुठं गेलं ते?' असं कुणीतरी म्हणावं लागतं. त्यानं एक शब्द टाकावा, तुम्ही त्याचं वाक्य करून परत द्यावं, मग थांबावं, पुन्हा त्याची पाळी. अशा देवाणघेवाणीतून लेकरू बोलायला शिकतं. याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. अंगठा लावणारी आजी हे काम उत्तम करते. भाकरी थापताना करा, वावरात जाताना करा, एसटीच्या खिडकीशी बसून करा. वेळ नाही म्हणू नका. जो वेळ त्याला गप बसवण्यात जातो तोच इकडे लावा.

दुसरी तुमची चूक मला जास्त सलते. लेकराला जरा शब्द फुटले की त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवता आणि घरी त्याच्याशी तुम्हालाच धड न येणाऱ्या इंग्रजीत बोलता. 'ॲपल खा', 'हँड वॉश कर'. राग आला, भीती वाटली, पोटात दुखलं, मित्रानं फसवलं, हे सांगायला त्याच्याजवळ मराठी अर्धवट आणि इंग्रजी नावापुरती. इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा. पण घरातली बोली काढून घेऊन शिकवू नका. 2020 चं शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं.

आता शिक्षकांकडे येतो.

'हाताची घडी, तोंडावर बोट.' वर्ग शांत म्हणजे वर्ग चांगला, ही समजूत तुम्ही अजून किती वर्षं सांभाळणार? निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झालं. वाचन-लेखनाच्या पायाशी तोंडी भाषा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. 2018 पासून आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, तक्ते भरले जातात, फोटो वर पाठवले जातात. त्या तक्त्यांत एक रकाना स्वतःसाठी वाढवा. आज वर्गातलं कोणतं लेकरू पूर्ण वाक्य बोललं? पाहुणे आल्यावर एका सुरात 'हो गुर्जी' म्हणणं हे बोलणं नव्हे.

तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळे होता. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांत हेच मोजलं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद. एवढाही धीर तुमच्याजवळ नसेल तर अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं मला सांगू नका.

नळदुर्ग-तुळजापूरकडच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. उमरगा-मुरूमकडे कितीतरी घरांत कन्नड आहे. कुठे दखनी आहे, कुठे पारधी बोली. तांड्यावरचं लेकरू पहिल्या दिवशी आईला 'याडी' म्हणालं आणि सगळा वर्ग हसला, तर तो हशा थांबवणं तुमचं काम आहे. तुम्हीच त्यात सामील होत असाल तर वर्गात उभं राहायचा तुम्हाला अधिकार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला मानसिक त्रास देण्याला मनाई करतं, आणि बोलीवरून हसणं हा मानसिक त्रासच आहे. कलम 29 म्हणतं की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. 'जेवूलालो' म्हणणाऱ्या आपल्याच मराठवाडी पोराला मध्येच तोडून 'जेवतोय म्हण' असं दरडावू नका. त्याचं सांगणं पुरं होऊ द्या, मग तेच वाक्य प्रमाण मराठीत तुम्ही सहज म्हणा. त्याला दोन्ही येईल. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सिन बर्नसन फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहून त्याच गावात राहिल्या. तिथे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली आणि वाचता न येणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यात हयात घातली. मुलाची बोली ऐकून घेतल्यावरच पुढचं शिकवता येतं हे त्यांना कळलं होतं. इथल्या मातीत जन्मलेल्या आपल्याला ते कळू नये?

दिवाळी झाली की वाशी, भूम, परंडा, कळंब भागातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात. त्या आईबापांना मी रागावणार नाही. पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या बाईला लेकराशी गप्पा मार असं सांगायला मला तोंड नाही. त्यांची लेकरं कोपीवर धाकटं भावंड सांभाळतात, नाहीतर मागं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पण सोबत गेलेलं लेकरू हंगाम संपवून परत येतं तेव्हा तुम्ही काय करता? हजेरीवर नजर टाकता आणि 'मागे पडलेला' असा शेरा मारून त्याला शेवटच्या रांगेत बसवता. मोळी कशी बांधतात, वाढ्याचं काय करतात, मुकादम उचल कशी देतो, गव्हाणीपाशी गाड्यांची रांग किती वेळ हलत नाही, परमुलखातली माणसं कशी बोलतात, हे त्या पोराइतकं तुमच्या वर्गात कुणाला माहीत नाही. त्याला पुढे उभं करा. अर्धा तास बोलू द्या. ते सांगेल ते फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहा आणि तोच त्या दिवसाचा वाचनपाठ करा. पुस्तक दुसऱ्या दिवशी उघडा.

काही लेकरांचं दुखणं वेगळं असतं, आणि तिथे आईबाप आणि शिक्षक, तुम्हा दोघांचाही निष्काळजीपणा अक्षम्य आहे. अडखळत बोलणाऱ्याला 'तोतऱ्या' म्हणून हाक मारता. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करता, 'सावकाश बोल' म्हणून आणखी घाबरवता. त्याच्याकडे बघत शांत थांबा, बस्स. कान फुटून वाहत असेल तर त्यात कोमट तेल ओतता. मग लेकराला अर्धवट ऐकू येतं, आणि शिक्षक म्हणतात लक्षच देत नाही. 'त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणत, जिभेला वेखंड लावत तीन-तीन वर्षं घालवता. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या जिभेला काहीही लावून उपयोग नाही. ऐकू न येणाऱ्या लेकराला पहिल्या दोन-तीन वर्षांत मदत मिळाली तर फरक पडतो, पुढे प्रत्येक वर्ष जड जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं, आणि कानाचे दोष व उशिरा बोलणं दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक येतं त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषेचं अपंगत्वही आहे. लोक काय म्हणतील म्हणून दाखला घ्यायला लाजू नका.

वर्षाचं बाळ पाठीमागून मारलेल्या हाकेला वळत नसेल, किंवा दोन वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. अंगणवाडीताईला आजच सांगा, आणि या आठवड्यात त्याला जिल्हा रुग्णालयात नेऊन कान तपासून घ्या.