गव्हाएवढा माणूस

पोळा जवळ आला की आखाडा बाळापूरच्या बाजारात मातीचे बैल दिसू लागतात. ज्यांच्या दावणीला बैल उरलेला नाही, त्यांच्या देवघरासमोर हेच बैल पूजेला बसतात. असा एक बैल हातात घेऊन नीट पाहावा. खुरांच्या फटी कुंभाराने कोरलेल्या नसतात, पापण्या नसतात, डोळा म्हणजे एक काळा ठिपका. वशिंड आणि शिंगं मात्र ठसठशीत, खऱ्या बैलाच्या मानाने जरा मोठीच. काय गाळायचं आणि काय वाढवायचं हे त्या हाताला पक्कं ठाऊक असतं.

विज्ञानकथेतल्या लढाया टेबलावर मांडून खेळणारे लोक जगभर आहेत. त्या खेळातले सैनिक, रोबो, परग्रहावरचे प्राणी रंगवताना मला या कुंभाराची विद्या कामी येते. खेळाचं घराणं जुनं आहे. मंगळावरून आलेल्या आक्रमकांची कादंबरी लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम बांधून दिले. पुढे १९८७ मध्ये ब्रिटनमधून ‘वॉरहॅमर ४०,०००’ आला आणि भविष्यातल्या युद्धांचा हा छंद देशोदेशी पसरला. त्यातल्या मूर्ती साधारण २८ मिलिमीटरच्या. पण खरी कसोटी १५ आणि ६ मिलिमीटरच्या मापात लागते. सहा मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा माणूस.

या मापात खऱ्या गणवेशाचा खरा गडद हिरवा रंग दिला, तर हातभर अंतरावरून नुसता काळपट ठिपका दिसतो. आपल्या अंगावर नाकाची, हनुवटीची, बाहीच्या चुण्यांची सावली पडते आणि त्यामुळे आकार कळतो. माणूस तीनशे पटीने लहान करता येतो, खोलीतला उजेड तसा लहान करता येत नाही. एवढ्याशा अंगावर डोळ्याला जाणवेल अशी सावली पडतच नाही, ती रंगवावी लागते. म्हणून आधी अस्तराचा हात, मग नेहमीपेक्षा दोन छटा उजळ रंग. तो वाळला की पाण्यासारखा पातळ तपकिरी वॉश, जो आपोआप खाचांत उतरतो. शेवटी ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. डोळे रंगवायच्या मोहात पडू नये. गव्हाएवढ्या माणसाला डोळे काढले की तो दचकल्यासारखा दिसतो. शिरस्त्राणाच्या काचेवर एक निळसर रेघ पुरते.

मूर्ती बदलून नवी करणं मला रंगवण्याहूनही प्रिय आहे. त्याला लागणारं सगळं गावात मिळतं. एम-सीलच्या दोन वड्या मळल्या की काही मिनिटं ते मातीसारखं वळतं, बोट ओलं ठेवलं की चिकटत नाही. संपलेल्या बॉलपेनची स्प्रिंग यंत्रमानवाचा दंड होते, इंजेक्शनच्या सुईचं टोपण अवकाशयानाचं धुराडं होतं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली अवकाशयानं उभी करतानाही कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले सुटे भाग चिकटवले होते. टाकाऊ वस्तूकडे ‘ही आणखी काय होऊ शकेल’ अशा नजरेने पाहायची सवय लागली, की भंगाराच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतणं जड जातं.

माझ्या मनात सध्या जी मांडणी आहे, ती आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि गुरुत्वीय लहर आली की त्यांच्या लांबीत होणारा प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक मोजायची तयारी. जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली पहिली आली होती. पुढे दोन खरी कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची खूण, अशाच एका लहरीच्या रूपाने, अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. आता तसल्या खुणा हिंगोली जिल्ह्याच्या काळ्या मातीवरून टिपल्या जातील, हे मला कुठल्याही विज्ञानकथेइतकं थोर वाटतं.

पण ही वेधशाळा टेबलावर बसवायची कशी? गव्हाएवढ्या माणसाच्या प्रमाणात एक भुजा तेरा मीटरहून लांब होते, दोन्ही मिळून माझ्या घराबाहेर पडतील. खेळणारे यावर तोडगा काढतात: माणसाचं माप एक, जमिनीचं माप दुसरं. दिवाळीच्या किल्ल्यात बुरुजापेक्षा उंच मावळा उभा असतो आणि त्यात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. तेव्हा भुजा हातभर, मधली इमारत वीतभर, आणि माणसं मात्र गव्हाएवढीच.

त्या माणसांसाठी सैनिकांच्याच मूर्ती वापरायच्या आहेत, कारण बाजारात मिळतात त्या बहुतेक सशस्त्रच. धारदार पात्याने मनगटापासून बंदूक कापायची, तिथे टाचणीच्या टोकाने बारीक छिद्र पाडायचं आणि केसाएवढी तार बसवायची. ती झाली मोजणीची काठी. पाठीवरच्या दारूगोळ्याच्या पेटीवर एम-सीलचा थर दिला की उपकरणांची पिशवी तयार. हे करताना वेल्स आठवतो. टेबलावरची लढाई एकदा खेळून पाहिली की खरी लढाई किती मूर्खपणाची हे माणसाला उमगेल, अशी आशा त्याने त्याच पुस्तकात मांडली होती. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. तरी ती आशा मला अजून खरी वाटते, आणि पहिली बंदूक मी कापलीही आहे. गणवेशाला पिवळसर रंग देईन. काळ्या मातीवर तोच लांबून उठून दिसतो.