वाफसा

वसमत तालुक्यातल्या एका गावात एक आबा राहत होते. काळी कसदार जमीन, आणि त्यातली निम्मी हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आबांच्या रानात हळद त्याच्या कितीतरी आधीपासून पिकत होती. गावात कुणी नव्यानं हळद लावायची म्हटली की आधी आबांच्या ओसरीवर येई. आबा प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत, "बेणं विकत मिळंल, खत उधार मिळंल. वाफसा मात्र कुणी उसना देत नाही. तो आपला आपणच राखायचा."

जमिनीत ओल असावी पण चिखल नसावा, मुळांना पाणी मिळावं आणि हवाही मिळावी, अशी अवस्था म्हणजे वाफसा. तिच्यासाठी आबा पावसाळाभर खोरं घेऊन रानात असत. कुठं पाणी तुंबलं की चर काढून देत.

आबांना दोन नातू. थोरल्या मुलाचा सहा वर्षांचा, धाकट्याचा चार वर्षांचा. थोरल्या नातवाला सणावाराचं गोड भारी आवडे. महालक्ष्म्यांच्या सणाला पुरणाच्या पोळ्या तो मोठ्या माणसासारखा जेवे. आजीला त्याची काळजी वाटे. "एवढं गोड खातंय हे पोरगं, दात किडतील बघ याचे," असं ती मोठ्या सुनेला बजावी.

धाकटा मात्र जेवायला बसला की दोन घास खाऊन उठे. तो आजीच्या पदराला धरून असायचा. रडला की आजी कनवटीची गोळी काढून देई. गोळी संपली की गुळाचा खडा, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्किट. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. एका वेळी गोड ते केवढं? बोटाच्या पेराएवढं. म्हणून आजीला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका भादव्यात धाकटा रात्री गाल धरून उठला. रडून रडून त्यानं घर जागं केलं. आजीनं दिव्याच्या उजेडात पाहिलं तर दाढेत काळं भोक. तिनं आपल्या डबीतली मिशरीची चिमूट तिथं दाबून धरली. ठणका थोडा थांबला, पण लेकराला मळमळायला लागलं. सकाळी त्याला भाकरीचा तुकडाही चावेना.

"दुधाचेच दात हायत," आजी म्हणाली. "आज ना उद्या पडणारच. त्यांचं काय एवढं?"

त्याच आठवड्यात गावात आरोग्य तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. मुलांचं वजन, डोळे, कान, हृदय यांच्याबरोबर दातही बघतात. गावात शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात. आबा आणि आजी दोन्ही नातवांना घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी आधी थोरल्याचं तोंड पाहिलं. एकही दात किडलेला नव्हता. सगळ्यांत मागची दाढ दाखवून त्या म्हणाल्या, "ही नुकतीच आली आहे. हिच्या जागी आधी दुधाची दाढ नव्हती, म्हणून ही कधी आली ते घरात कळतही नाही. पण ही कायमची आहे. सहाव्या वर्षी येते आणि म्हातारपणापर्यंत पुरायची असते."

मग धाकट्यानं तोंड उघडलं. वरचे पुढचे चारही दात हिरडीजवळ तपकिरी झालेले. दोन दाढांना भोकं. आणखी दोन दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे.

आजी चक्रावली. "बाई, हे उलटंच झालं. गोड खातो तो थोरला. याला तर मी कधी मूठभर गोड दिलं नाही. चिमूट चिमूट दिलं."

"दिवसातून किती वेळा दिलं, आजी?"

आजी बोटांवर मोजायला लागली. सकाळचा चहा-बिस्किट. अंगणवाडीला जाताना गोळी. आल्यावर गूळ. दुपारी झोपताना, उठताना. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताचीही संपत आली. रात्रीची बाटली अजून मोजायचीच होती.

डॉक्टरबाई तिच्याजवळ बाकावर बसल्या. "आजी, दातांवर बारीक जंतूंचा चिकट थर असतो. आपण गोड खाल्लं की ते जंतू गोड खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दाताचं वरचं कठीण कवच विरघळायला लागतं. मग हळूहळू लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि कवचाची झीज थोडी थोडी भरूनही काढते. त्याला अर्धा तास तरी लागतो. थोरल्यानं पोळ्या खाल्ल्या, त्याच्याही दातांवर आम्ल आलं. पण नंतर कितीतरी तास लाळेला काम करायला मिळाले. धाकट्याच्या तोंडात आधीचं आम्ल ओसरायच्या आत पुढची गोळी आली. आणि झोपेत लाळ अगदी कमी होते. तेव्हा गोड दूध रात्रभर दातांवर साचून राहतं."

"आणि गूळ?" आजीनं विचारलं. "गूळ तर औषधी असतो."

"जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. उलट गूळ दातांना जास्त वेळ चिकटून राहतो."

आबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे ह्याच्या तोंडाला वाफसाच येईना झाला."

डॉक्टरबाईंना नीट उमगलं नाही, तेव्हा आबांनी सांगितलं, "एकदा धो धो पाऊस पडून गेला आणि पाणी चरानं निघून गेलं, तर हळदीला काही होत नाही. पण झड लागली, दिवसरात्र नुसती भुरभुर का असेना, आणि जमिनीला सुकायला उसंतच मिळाली नाही, तर कंदकूज लागते. वर पानं पिवळी पडलेली दिसतात तेव्हा खाली कंद नासलेला असतो. किती पाऊस पडला याच्यापेक्षा मधी उघडीप किती मिळाली, हे बघावं लागतं."

"अगदी तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एका बैठकीला भरमसाट गोड खावं, असं मी म्हणत नाही. गोड एकूणच कमी बरं. पण जे द्यायचं ते जेवणाबरोबर द्या आणि मधला वेळ मोकळा ठेवा."

"पण दुधाच्या दातांसाठी एवढं करायचं?" आजीच्या मनातली शंका गेली नव्हती.

"आजी, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर लेकरानं चावायचं कशानं? दाढ दुखली की ते जेवत नाही, झोपत नाही, अंगाला लागत नाही. कीड खोल गेली तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात, मग नवा दात वाकडा येतो."

मिशरीचं कळल्यावर मात्र त्यांचा आवाज करडा झाला. "मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखू. लेकराच्या तोंडात ती कधीच घालायची नाही. ठणका थांबला म्हणून कीड थांबत नाही, आणि पुढं व्यसन लागतं ते वेगळंच." आजीनं मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मायेनं केलंत, ठाऊक आहे मला. आता त्याच मायेनं त्याचे दात घासा."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. आबा नातवाला हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या दंतवैद्यांनी दाढा साफ करून भरल्या. पांढऱ्या पट्ट्यांना भोक पडलेलं नव्हतं. ते अजून सावरण्यासारखे होते, फक्त रोज निगा हवी होती.

घरी आल्यावर आजीनं कनवट रिकामी केली. गोड आता जेवणाच्या ताटात आलं. मधल्या वेळी भूक लागली तर फुटाणे, काकडी, नाहीतर भाकरीचा तुकडा. दूध झोपायच्या आधी पेल्यातून, बिनसाखरेचं. मग आजी त्याला मांडीवर घेऊन दात घासून देई. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच पुरते. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही आणि त्यानंतर पाण्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. पहिल्या काही रात्री लेकरू बाटलीसाठी आक्रोश करून रडलं. आजीचं काळीज तुटत होतं, पण ती बधली नाही. सकाळी पुन्हा घासणं. मुलाचा हात सात-आठ वर्षांपर्यंत दाढांपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून सहा वर्षांच्या थोरल्याचेही दात मोठी सून आपल्या हातानं घासत आली होती. त्याचे दात का टिकले, हे आजीला आता कळलं.

पुढच्या तपासणीला धाकट्याच्या तोंडात नवी कीड नव्हती. तो दोन्ही बाजूंनी भाकरी चावत होता आणि अंगानं भरला होता. गल्लीतल्या बायका आजीला विचारायला आल्या, तेव्हा ती आबांच्याच शब्दांत सांगू लागली, "लेकराच्या तोंडाला वाफसा येऊ द्या गं."

तात्पर्य : दात किडतात ते गोडाच्या ढिगापेक्षा गोडाच्या संततधारेनं. लेकराला गोड द्यायचं तर जेवणाबरोबर द्यावं, मधला वेळ मोकळा ठेवावा आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी त्याचे दात आपल्या हातानं घासावेत. दुधाचे दात पडणारे असले तरी त्यांची निगा राखावी, कारण आयुष्यभर पुरणाऱ्या दातांची जागा तेच सांभाळतात.