निदान आणि बदली

बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू झाले म्हणजे ते दुरुस्त झाले, असे व्यवहारात आपण सर्वजण धरून चालतो. यात वावगे काय, असे कोणी विचारील. यंत्राचा धर्म चालण्याचा. तो त्यास परत लाभला की कारागिराचे कर्तव्य संपले आणि मालकाचे समाधान झाले. आम्हांस मात्र वाटते की 'चालू झाले' आणि 'दुरुस्त झाले' ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले विधान यंत्राविषयीचे आहे आणि त्याची सत्यता डोळ्यांस दिसते. दुसरे विधान ही कारागिराने दिलेली साक्ष होय. दोष कोणता होता, तो कशाने उत्पन्न झाला आणि ते कारण आता उरलेले नाही, एवढे सगळे तो त्या दोन शब्दांत मालकास सांगत असतो. अशी साक्ष देण्याचा अधिकार त्यास केव्हा प्राप्त होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मोघम चर्चेत हा प्रश्न हाती लागत नाही, म्हणून एक लहानसे यंत्र समोर ठेवू. १९८२ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती संगणक विक्रीस आणला. रबराच्या चाळीस कळा, आत एकच बोर्ड, पडदा म्हणून घरचाच दूरदर्शन संच आणि प्रोग्रॅम साठवण्यास साधी कॅसेट, असा त्याचा संसार. आपल्याकडेही त्याची परवान्याने काढलेली आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने त्याच दशकात विकली गेली, तेव्हा काही वाचकांच्या घरी ती असण्याचा संभव आहे. १९८६ साली सिंक्लेअरने आपला संगणकाचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीस विकून टाकला. आज चाळीस वर्षे उलटल्यावर माळ्यावरून उतरवलेली ही यंत्रे दुरुस्त करण्याचा छंद देशोदेशी अनेकांना जडला आहे. आजचा संगणक बिघडला की सबंध बोर्डच बदलतात. तेथे निदानाचे कारणच पडत नाही. स्पेक्ट्रम एवढा लहान की एका माणसाच्या बुद्धीत तो पुरता मावतो. म्हणूनच 'कळण्यासारखे नव्हते' ही सबब त्याच्यापुढे चालत नाही.

त्याचे काही बिघाड सरळ असतात. कळांखालची प्लास्टिकची पातळ पट्टी वाळून तडकते आणि कळा उमटेनाशा होतात. नवी पट्टी घालावी, संपले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. खरी कसोटी मेमरीच्या बिघाडात लागते.

स्पेक्ट्रमच्या खालच्या सोळा किलोबाइट मेमरीसाठी आठ चिपा एका ओळीत बसवलेल्या असतात. प्रत्येक बाइटाचे आठ बिट या आठ जणींनी एकेक असे वाटून घेतलेले. पडद्यावरचे चित्र याच मेमरीत राहते, म्हणून त्यांपैकी एक चिप निकामी झाली की पडद्यावर अक्षराच्या प्रत्येक स्तंभात ठरावीक जागी एक बारीक उभी रेघ दिसू लागते. अपराध्याने स्वतःच आपला पत्ता लिहून द्यावा तसा हा प्रकार. कारागीर रेघेची जागा मोजतो, ती चिप डाख सोडवून काढतो, नवी बसवतो, आणि पडदा स्वच्छ होतो. मग आठवड्याने यंत्र परत येते. नवी चिपही जळालेली असते.

याचे कारण चिपेत नाही. या जातीच्या चिपेस तीन निरनिराळे वीजदाब लागतात: अधिक बारा व्होल्ट, अधिक पाच आणि उणे पाच. बाहेरून येणारा पुरवठा नऊ व्होल्टांचा; त्यातून बारा आणि उणे पाच तयार करण्याचे काम दोन ट्रान्झिस्टर व एक लहानशी तारेची गुंडाळी यांच्याकडे असते. ही जोडणी बिघडून उणे पाच व्होल्ट नाहीसे झाले आणि बारा चालूच राहिले, की चिप तापते व थोड्याच वेळात मरते. तिच्या जागी कितीही निरोगी चिप बसवा, तिचीही तीच गत व्हायची. म्हणून जाणता कारागीर नवी चिप हाती घेण्यापूर्वी मल्टीमीटर घेतो आणि पहिल्या पायावर उणे पाच, आठव्यावर बारा व नवव्यावर पाच व्होल्ट आहेत की नाहीत ते पाहतो. हे मोजण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. पुष्कळांच्या हातून ती दोन मिनिटे निघत नाहीत, कारण पडद्यावरच्या रेघेने अपराधी आधीच दाखवून दिलेला असतो.

येथे कार्यकारणभावाची एक गंमत आहे. दाब बिघडला म्हणजे चिप मरते हे खरे; पण चिप आतून जोडली जाऊन शॉर्ट झाली, तर तिच्या ओढीने ट्रान्झिस्टर आणि गुंडाळीही जळतात, हेही तितकेच खरे. तिसरी शक्यता अशी की यंत्र चालू असतानाच कोणी मागच्या खाचेत जॉयस्टिकचे उपकरण खुपसले वा उपटले, आणि एका क्षणात दोघेही गेले. समोर दोन प्रेते आहेत; आधी कोण मेले हे प्रेतांवरून सांगता येत नाही. पडदा स्वच्छ झाल्याने यांपैकी कोणती हकीकत खरी, यावर काडीइतकाही प्रकाश पडत नाही.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील उपशय म्हणजे कशाने उतार पडतो हे पाहून रोगाचा अंदाज बांधणे. स्पेक्ट्रमच्या कारागिरांतही असा एक उपशय रूढ आहे. संशयित चिप न काढता तिच्या पाठीवर तशीच एक चांगली चिप पायाला पाय लावून बसवायची आणि यंत्र चालू करायचे. बिघाड गेला तर संशय बळावतो. पण गेला नाही तरी खालची चिप निर्दोष ठरत नाही. ती आपले चुकीचे उत्तर जोराने रेटत असेल तर वरचीचे बरोबर उत्तर दबून जाते. पाचांपैकी एक साधन म्हणून उपशय उत्तम. त्यालाच सर्वस्व मानले की काकतालीय न्याय सुरू होतो: कावळा बसला आणि फांदी मोडली. यंत्र उघडले, चार चिपा दाबल्या, एक तार हलवली, आणि ते चालू झाले. कशाने झाले? कोणी सांगावे. आमच्या मते कारागिराच्या सचोटीला सर्वांत कठीण प्रसंग हाच. न सुटलेला बिघाड त्यास विनय शिकवितो. आपोआप सुटलेला बिघाड त्यास फुकटची कीर्ती देऊ करतो.

(मराठीत 'निदान' या शब्दाचा दुसरा अर्थ 'कमीत कमी' असा आहे. शब्दांच्या या योगायोगावर आमचा सिद्धान्त उभा नाही. पण तो आम्हांस आवडतो.)

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप असा की, मालकास यंत्र चालायला हवे आहे, त्याचे शास्त्र नको आहे. कारागिराच्या वेळेला मोल आहे. वैद्यही पुष्कळदा निदान पुरते होण्याआधी औषध देतोच. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. प्रत्येक दोषाचा मुळापर्यंत शोध घ्यावा असे कोणी म्हणू लागला तर जगात एकही यंत्र वेळेवर परत मिळणार नाही. पण वैद्य औषध देताना 'तीन दिवसांनी दाखवायला या' असे सांगतो. रोग कळला नाही, हे त्यास ठाऊक असते आणि रोग्यासही त्याने ते ठाऊक करून दिलेले असते. कारण अज्ञात ठेवण्याची मुभा कारागिरास अवश्य असावी. अज्ञात कारण ज्ञात म्हणून खपविण्याची मुभा नसावी. तीन शक्यतांपैकी कोणती खरी हे कळले नाही, दाब मोजले, ते आज ठीक आहेत, उपकरण काढघाल करताना वीज बंद ठेवा, एवढे सांगायला ज्ञान लागत नाही, फक्त आपल्या अज्ञानाची हद्द माहीत असावी लागते.

सदोष भाग काढून नवा घालण्यास बदली म्हणतात. हा शब्द आमच्या वाचकांना दुसऱ्या एका अर्थाने अधिक परिचयाचा आहे; त्या अर्थानेच तर आपण सारे आपला मुलूख सोडून ठिकठिकाणी विखुरलो आहोत. एखाद्या जागेवर आलेला माणूस वर्षभरात निकामी ठरतो. कामे तुंबतात, तक्रारी होतात, त्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडतो आणि त्याची बदली होते. नव्या माणसाच्या पहिल्या महिन्यात कचेरी झपाट्याने चालते. वरिष्ठांना वाटते, दोष सापडला. वर्षाने हाही निकामी ठरतो. तिसऱ्याच्या वेळी तरी कोणी मल्टीमीटर काढून त्या जागेवर येणारे दाब मोजतो काय? वरून बाराचा दाब पुरता येत आहे, पण ज्या उणे पाचाच्या आधारावर तो सोसायचा तो आधारच तुटलेला आहे, हे पाहिले जाते काय? पुष्कळदा पाहिले जात नाही, कारण रेघ त्या माणसाच्या नावासमोरच उमटलेली असते. चिपेस कुटुंब नसते, मुलांच्या शाळा नसतात आणि शेरा तिच्या मागोमाग दुसऱ्या गावी जात नाही. म्हणून चिपेच्या बाबतीत जो केवळ आळस, तो माणसाच्या बाबतीत अन्याय होतो.

हे सर्व झाले दिसणाऱ्या दोषांविषयी. न दिसणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अठ्ठेचाळीस किलोबाइटच्या स्पेक्ट्रमात वरची बत्तीस किलोबाइट मेमरी स्वतंत्र असते. ती सबंध मेली तरी यंत्र नेहमीच्याच रुबाबात चालू होते. १९८२ सालचा सिंक्लेअरच्या मालकीहक्काचा तोच मजकूर पडद्यावर उमटतो आणि सोळा किलोबाइटचे जुने प्रोग्रॅम सुरळीत चालतात. यंत्र खोटे बोलत नाही. विचारल्यावाचून सांगत नाही, इतकेच. २३७३२ आणि २३७३३ या दोन पत्त्यांवर काय आहे ते वाचून दुसऱ्यास २५६ ने गुणावे व पहिल्यात मिळवावे. उत्तर ६५५३५ आले तर मेमरी पूर्ण, ३२७६७ आले तर वरची गेली. बरे, हा आकडा यंत्राने चालू होताना केलेल्या स्वतःच्या तपासणीतून येतो. ती तपासणीही मजेदार आहे. प्रत्येक जागी दोन हा अंक लिहायचा, दोनदा एक वजा करायचा, आणि शून्य उरले की पुढे जायचे. वरच्या बिटांपैकी एखादा कायमचा शून्यावर अडकला असेल तर त्यास हा अंक कधी उचलावाच लागत नाही, म्हणून तो या तपासणीतून निर्दोष बाहेर पडतो. पुरेसे ओझे न टाकता केलेल्या अशा तपासण्या यंत्रांपुरत्या मर्यादित नाहीत, हे वाचकांना सांगायला नको.

उलट, दोष ठाऊक असूनही यंत्र निर्दोष असू शकते. याच वरच्या मेमरीसाठी सिंक्लेअरने स्वस्ताईखातर ज्या चिपा वापरल्या, त्या वस्तुतः चौसष्ट किलोबिटच्या चिपा होत्या, पण त्यांचा अर्धा भाग कारखान्यातच खराब निघालेला. शाबूत अर्धाच बत्तीस किलोबिटची चिप म्हणून विकला गेला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपांत वरचा अर्धा चांगला की खालचा, हे क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून कळे. बोर्डावर एक तार त्याप्रमाणे जोडली जाई आणि आठही चिपा एकाच बाजूने शाबूत असाव्या लागत. त्या अर्धवट चिपांपैकी कित्येक आजही इमानाने काम करीत आहेत. त्यांचा दोष लपविलेला नव्हता, कपाळावर लिहिलेला होता आणि त्याप्रमाणे त्यांना काम दिलेले होते. ग्रीकांच्या त्या नौकेची सर्व फळकुटे बदलल्यावर ती तीच नौका राहते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांना फार प्रिय आहे. आम्हांस या अर्ध्या चिपांपुढे तो काहीसा रिकामटेकडा वाटतो.

आता शेवटचे उदाहरण, आणि आमच्या समजुतीप्रमाणे सर्वांत अवघड. १९८१ च्या अखेरीस एकॉर्न कंपनीने 'बीबीसी मायक्रो' हा संगणक काढला. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला तेव्हा हाच संगणक निवडला गेला, त्यामुळे तो इकडच्याही अनेकांनी शाळेत हाताळला आहे. त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेच्या मुख्य तारांवर, कागदी थराचे कपॅसिटर असतात. वर्षे लोटली की त्यांच्या पारदर्शक आवरणास बारीक तडे जातात, हवेतील दमटपणा आत शिरतो, आणि बऱ्याच वर्षांनी यंत्र चालू केले की एखादे दिवशी खोलीभर दाट, उग्र वासाचा धूर पसरतो. मालक घाबरून वीज तोडतो. मागाहून तो भीत भीत पुन्हा लावून पाहतो, तर संगणक व्यवस्थित चालत असतो.

तो चालणारच. कारण यंत्र चालविण्याशी त्या कपॅसिटरचा काही संबंध नाही. यंत्राच्या आत जो विजेचा गोंगाट उत्पन्न होतो तो बाहेरच्या तारांत जाऊ नये, शेजारच्या घरातील रेडिओत खरखर होऊ नये, यासाठी त्याची योजना. जळालेला भाग कापून टाकला आणि त्या जागी काही घातले नाही, तर मालकाचे काही अडत नाही, पडद्यावर रेघ उमटत नाही आणि यंत्र परत येण्याची भीती नाही. आतापर्यंत आम्ही कारागिराच्या साक्षीविषयी बोललो ते मालकाला दिलेल्या साक्षीविषयी. येथे मालकास कारण पुरते समजावून सांगितले, त्याने ते ऐकून 'राहू द्या' म्हटले, तरी व्यवहार पुरा होतो काय? शेजारी तर दुकानात आलेलाच नाही. यंत्र आपल्यासाठी काय करते हे पाहून त्याची दुरुस्ती ठरवायची असेल तर कापून टाकणे पुरे आहे. दुसऱ्यांपासून आपला गोंगाट आवरून धरणे हेही यंत्राचेच काम मानले, तर नवा कपॅसिटर घातलाच पाहिजे, मालकाने मागितला नसला तरी. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत. आता तो कागदाऐवजी प्लास्टिकच्या थराचा मिळतो, दमटपणाने सहसा फुटत नाही आणि त्याची किंमत चहाच्या दोन कपांहून फारशी जास्त नसते. वीज तोडून, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला दाब उतरू देऊन मगच डबा उघडावा. दोन पाय, दोन डाख. पाव तासाचे काम आहे, आणि झाकण लावल्यावर ते केले होते की नाही, हे बाहेरून कोणासही दिसत नाही.