कर्ज कुणाच्या नावावर?

मोठा तमाशा फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसांचा संसार. सोंगाड्या, ढोलकीवाला, गायिका, नर्तकी, शिवाय तंबू ठोकणारे, ट्रकचे चालक, आचारी. दसऱ्याला बाहेर पडलेली ही माणसं वैशाखापर्यंत फिरतात. निघण्याआधी प्रत्येकाच्या हातात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पडावी लागते. त्यासाठी फडमालक बहुतेकदा सावकाराकडून पैसे काढतो, आणि ते कर्ज असतं त्याच्या एकट्याच्या नावावर.

फडाला त्याच्या मालकाहून वेगळं अस्तित्वच नाही. 1964 साली फडमालक तुकाराम खेडकर गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी, संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांना मुलांना घेऊन सगळं नव्याने उभं करावं लागलं. त्यांनी ते केलं आणि पुढे मुलगा रघुवीर यांनी चालवलं. हे कर्तृत्व थोर आहेच. पण एखादी कला टिकण्यासाठी दर पिढीत एक कांताबाई जन्मावी लागणं, हे मला भयंकर वाटतं.

तोट्याचं हे दुखणं पाश्चात्त्य सिम्फनी ऑर्केस्ट्रालाही आहे. बाउमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली ते नेमकं मांडलं. कारखान्यात यंत्र आलं की एका कामगाराच्या हातून जास्त माल निघतो, म्हणून वाढीव पगार झेपतो. बेथोवेनच्या रचनेला मात्र त्याच्या काळी लागत तितकेच वादक आजही लागतात. तमाशातल्या वगनाट्याचंही तसंच. डिझेल, धान्य, मजुरी वाढत जाते आणि तिकीट मात्र प्रेक्षकाच्या खिशापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे तोटा हा गैरकारभाराचा पुरावा नव्हे. तो या धंद्यातच आहे.

फरक आहे तो तोटा कुणाच्या अंगावर पडतो यात. 2011 साली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने दिवाळखोरीचा अर्ज केला. वादकांना झळ बसली, पण दिवाळं संस्थेचं होतं. कार्यक्रम चालूच राहिले. इकडे 25 मार्च 2020 ला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी लागली. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांवर ज्या फडांचं वर्ष उभं असतं, त्यांची उचल फेडायला कुठलीच संस्था मध्ये नव्हती.

नुसती संस्था काढूनही भागत नाही. मिनेसोटा ऑर्केस्ट्रात ऑक्टोबर 2012 पासून पंधरा महिने व्यवस्थापनाने वादकांना कामाबाहेर ठेवलं, कारण पगारकपात त्यांना मान्य नव्हती. उलट 1842 पासूनचा व्हिएन्ना फिलहार्मोनिक वादकच चालवतात.

काम करणाऱ्यांनीच संस्था चालवणं संगमनेरच्या या आपल्या जिल्ह्याला नवखं वाटायचं कारण नाही. सावकाराच्या पाशातल्या ऊस उत्पादकांना सभासद करून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभारला. 1950 च्या सुमारास पहिलं गाळप झालं. उसाला जे जमलं ते ढोलकीला का जमू नये? फड कलावंतांच्या सहकारी संस्थेचा असावा. नर्तकीपासून ट्रकचालकापर्यंत सगळे सभासद, हिशेब सर्वांसमोर. पीककर्जासारखं हंगामकर्ज जिल्हा बँकेने दसऱ्याआधी संस्थेच्या नावावर द्यावं, आणि सरकारी अनुदानही त्याच वेळी त्याच खात्यात यावं. सहकारात पुढारी घुसतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून निम्म्याहून जास्त संचालक प्रत्यक्ष फडावर उभे राहणारे असावेत आणि त्यांत बायका असाव्यात, ही अट पोटनियमांतच घालावी लागेल.